एकशेवीस मुलांना शिकायला नेणारा माणूस

भगिनींनो, आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असतेच. सावित्रीबाई, रमाबाई रानडे, महर्षी कर्वे यांच्यावर आपल्यापैकी कितीतरी जणींनी माझ्याहून चांगले लिहिले आहे. म्हणून यंदा मी जरा लांबच्या माणसाविषयी लिहायचे ठरवले. ते चीनमधले. त्यांचे नाव युंग विंग. अमेरिकेतल्या येल कॉलेजातून त्यांनी १८५४ साली पदवी घेतली. अमेरिकेतल्या कॉलेजाची पदवी मिळवणारे ते पहिले चिनी गृहस्थ. पुढे १९०९ साली त्यांनी इंग्रजीत आपली हकिकत लिहून छापली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, इंग्रजी पुस्तक मला कुठले वाचता येणार! पण माझी पुतणी दुपारची माझ्याकडे येऊन बसे आणि मी तांदूळ निवडत असे तोवर त्यातले एकेक प्रकरण मराठीत सांगे. त्यातले मनात राहिले ते, आणि नंतर इकडून तिकडून वाचले-ऐकले ते, असे मिळून हे चरित्र आहे.

युंग विंग यांचा जन्म १७ नोव्हेंबर १८२८ रोजी झाला. गाव नानपिंग. दक्षिण चीनमध्ये मकाव म्हणून पोर्तुगीजांचे बंदर होते, त्याच्या जवळच हे खेडे. मकाव आणि आपला गोवा, दोन्हीकडे एकाच पोर्तुगिजांचे राज्य. युंग यांचे घर गरीब शेतकऱ्याचे. मोठा भाऊ, एक बहीण, हा, आणि आणखी एक धाकटा. मोठ्या भावाला वडिलांनी रीतसर चिनी शाळेत घातले आणि या पोराला मात्र सात वर्षांचा असताना, १८३५ साली, मकावला एका मिशनरी बाईंच्या शाळेत नेऊन सोडले. असे का केले ते युंग यांनाही नीटसे उमगले नव्हते. परदेशी लोकांशी व्यापार वाढतो आहे, इंग्रजी येणाऱ्या मुलाला दुभाष्याचे काम मिळेल, असा बापाचा हिशेब असावा, असे त्यांना वाटे. गरिबाने दोन मुलगे दोन वाटांनी लावून दिले, म्हणजे एक तरी वाट लागेल! आपल्याकडेही असे करणारे बाप मी पाहिले आहेत.

त्या गुट्झलाफबाईंची शाळा मुळात मुलींची होती. बाजूला थोडी मुलगे होती एवढेच. युंग सर्वांत लहान, म्हणून बाईंनी त्याला वरच्या मजल्यावर मुलींत ठेवले. खाली मुलगे अंगणात मोकळी खेळत आणि हा वर कोंडलेला. तेव्हा या चिमुरड्याने काय करावे? सहा मुलींना फितवले, होडी ठरवली आणि सातही जण पळाले! समोरच्या बेटावर पोचायच्या आतच मागून दुसरी होडी आली आणि सगळे पकडले गेले. मग शिक्षा झाली. वर्गात लांब टेबलावर सर्वांना रांगेने उभे केले. मध्ये युंग, डोक्यावर उंच कागदी टोपी, आणि पळणाऱ्यांचा हा म्होरक्या अशी पाटी गळ्यात. बाकीच्या मुलांना त्यांच्यासमोर खाऊ वाटला, संत्री वाटली. त्या संत्र्यांची आठवण त्यांना म्हातारपणीही होती. मला राहून राहून त्या सहा मुलींचे वाटते. पुढे त्यांचे काय झाले, हे पुस्तकात कुठेच नाही.

शाळा बंद पडली. १८४० साली वडील वारले. आई, चार मुले आणि घरात कमावते कोणी नाही. मोठा भाऊ मासेमारीला लागला, बहीण घरकामाला, आणि बारा वर्षांचा युंग पहाटे तीनला उठून गावोगाव खाऊच्या गोळ्या विकू लागला. संध्याकाळी सहाला परत. मिळत ते आईच्या हातावर. गोळ्यांचा धंदा बंद झाला तेव्हा बहीण आणि हा असे दोघे भाताच्या शेतात सरवा वेचायला जात. एके दिवशी बहिणीने कापणी करणाऱ्यांच्या मुकादमाला सांगून टाकले, की माझ्या भावाला इंग्रजी येते. मुकादमाने इंग्रजी कधी ऐकलेली नव्हती. म्हणाला, बोलून दाखव. पोर लाजला, बहिणीने ढकलले, तेव्हा त्याने एबीसीडी धडाधड म्हणून दाखवली! चिखलात उभे असलेले सगळे कापणीवाले हसून लोळले आणि मुकादमाने भाताच्या एवढ्या पेंढ्या दिल्या, की दोघांना उचलवेनात. इंग्रजीची ही त्यांची पहिली कमाई. ती बहिणीमुळे मिळाली, हे आपण बायकांनी विसरू नये.

पुढे १८४१ साली तो मॉरिसन शाळेत दाखल झाला. ही शाळा नंतर मकावहून हाँगकाँगला गेली. तिथले मास्तर सॅम्युएल ब्राउन हे स्वतः येलचे पदवीधर. १८४६ साली तब्येतीमुळे ब्राउन मास्तरांना मायदेशी परतावे लागले, तेव्हा त्यांनी वर्गात विचारले, की माझ्याबरोबर अमेरिकेला शिकायला कोण येतो? ज्याला यायचे असेल त्याने उभे राहावे. सगळा वर्ग चिडीचूप. पहिला उभा राहिला तो युंग. मागून आणखी दोघे, वाँग शिंग आणि वाँग फून.

वर्गात उभे राहणे सोपे, घरी जाऊन आईला सांगणे अवघड. आई विधवा. परदेश म्हणजे समुद्रापलीकडे, जिथून पत्र यायलाच महिने लागणार. ती रडली. युंगने तिला समजावले, की तुझ्यापाशी आणखी दोन मुलगे आणि मुलगी आहेत. शेवटी तिने होकार दिला, पण तो मनाविरुद्ध. हाँगकाँगमधल्या काही परदेशी व्यापाऱ्यांनी मुलांचा दोन वर्षांचा खर्च उचलला, आणि मुले दूर असताना त्यांच्या आईबापांनाही पैसे मिळावेत अशी तजवीज केली. हे मला फार बरे वाटले. नाहीतर मुलाची शिष्यवृत्ती म्हणजे मुलाची, मागे चूल कशी पेटते ते कोणी विचारत नाही.

चहाने भरलेले ‘हंट्रेस’ नावाचे जहाज ४ जानेवारी १८४७ ला निघाले आणि ९८ दिवसांनी, १२ एप्रिलला, न्यूयॉर्कला लागले. मुलांना मॅसॅच्युसेट्स प्रांतातल्या मॉन्सन गावच्या शाळेत घातले. दीडएक वर्षाने वाँग शिंग आजारी पडून परत गेला. वाँग फून पुढे स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला जाऊन डॉक्टर झाला. युंगला मात्र येलला जायचे होते, आणि पैसा नव्हता.

पैसा मिळत होता, पण त्याला एक अट होती. पदवी घेऊन मिशनरी होईन असे लिहून दिले तर शाळेचे विश्वस्त खर्च करायला तयार होते. युंग तोपर्यंत ख्रिस्ती झालेले होते, तेव्हा त्यांना त्यात वावगे वाटायला नको होते. पण त्यांनी नाही म्हटले. कारण असे, की आपल्या देशाच्या उपयोगी कोणत्या मार्गाने पडायचे हे आधीच बांधून घेतले तर उद्या दुसरी मोठी संधी आली तरी हात बांधलेले राहतील. गरीब, परका मुलगा, वय अवघे बावीसच्या आत, आणि समोर आलेले ताट सरकवून देतो! मला वाटते त्यांच्या साऱ्या आयुष्यातली सर्वांत धीराची गोष्ट हीच.

मग पैसा आला कुठून? तो दिला एका महिला मंडळाने. होय भगिनींनो, महिला मंडळाने! जॉर्जिया प्रांतात सॅव्हाना गावी बायकांची एक सभा होती. ब्राउन मास्तरांनी तिथे या मुलाची गोष्ट सांगितली आणि त्या बायकांनी मदत कबूल केली. अट नाही, कागद नाही. मंडळाच्या वर्गणीतून काय होते असे जी विचारते तिला मी आता हे उत्तर देणार आहे. पण खरे तेही सांगितले पाहिजे. त्याच सॅव्हाना गावात त्या काळी काळ्या माणसांचा लिलाव होत असे. दूरदेशीच्या मुलासाठी मन हळवे आणि दारातल्या माणसाच्या बाबतीत कोरडे, असेही एकाच घरात असते.

१८५० साली ते येलमध्ये गेले तेव्हा लॅटिन पंधरा महिने आणि ग्रीक बारा महिने एवढीच शिकलेली होती. रात्री बारापर्यंत अभ्यास करीत. गणितात कच्चे, पण इंग्रजी निबंधात दुसऱ्या वर्षी लागोपाठ दोनदा पहिले बक्षीस. जेवणाचा खर्च भागावा म्हणून वीस विद्यार्थ्यांच्या एका खानावळीचा कारभार त्यांनी अंगावर घेतला. बाजारहाट करायची आणि पंगतीला वाढायचे, त्याबद्दल दोन वेळचे फुकट. आपल्याकडचे वार लावून जेवणारे विद्यार्थी मला आठवले.

याच काळात त्यांच्या मनाने घेतले, की मला मिळाले ते माझ्या देशातल्या पुढच्या मुलांना मिळाले पाहिजे. पुढची अठरा वर्षे या एका विचारापायी गेली.

१८५४ च्या अखेरीस ते परत निघाले. जहाज ‘यूरेका’, दिवस १५४. हाँगकाँग जवळ आले तसा चिनी वाटाड्या जहाजावर चढला. कप्तानाने युंगना सांगितले, इथे पाण्याखाली खडक आहेत का ते विचार. आणि युंगना त्यासाठी चिनी शब्दच आठवेनात! सगळे हसले. आठ वर्षांत आईची भाषा तोंडातून गेली होती. ती त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागली.

आईची भेट मात्र मला पुतणीकडून दोनदा ऐकावीशी वाटली. आईने त्यांना डोक्यापासून पायापर्यंत चाचपून पाहिले. मग विचारले, की या पदवीला पैसे किती मिळतात? हसण्यासारखे नाही. जिने हालात पोरे जगवली ती आणखी काय विचारणार? युंगनी तिला समजावले, की पैसे लगेच नाहीत, पण येलमधून पदवी घेणारा मी पहिला चिनी आणि तू पहिली चिनी आई. मग तिचे लक्ष त्यांच्या मिशांकडे गेले. मोठ्या भावाने अजून मिशा ठेवल्या नाहीत, धाकट्याने कशा ठेवाव्या? येलचा पदवीधर मुकाट्याने न्हाव्याकडे गेला आणि मिशा काढून आला. तेव्हा कुठे माउलीला वाटले, की पोर परके झालेले नाही.

मला हे वाचून दाखवले तेव्हा माझा मुलगा पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जायच्या तयारीत होता. आता तो तिकडे आहे. आपल्या मंडळातल्या निम्म्या घरांत आज हेच आहे. हळदीकुंकवाला एकमेकींना फोटो दाखवतो आणि घरी आल्यावर दिवा लावताना घर केवढे मोठे वाटते ते आपले आपल्याला ठाऊक. म्हणून मी ही हकिकत केवळ परक्या देशाची म्हणून ऐकली नाही.

मधली वर्षे थोडक्यात सांगते. त्यांनी दुभाष्याचे काम केले, जकात खात्यात नोकरी केली, चहा-रेशमाचा व्यापार केला. बरीच कामे त्यांनी स्वतःहून सोडली, कारण लाच घ्यायची नाही आणि अपमान सोसायचा नाही. चीनमध्ये तेव्हा ताइपिंग बंडाची धामधूम होती. १८५५ साली कँटनमध्ये बंडखोर म्हणून हजारो माणसांचा शिरच्छेद चाललेला त्यांनी डोळ्यांनी पाहिला. १८६३ साली त्झेंग क्वोफान या बड्या सरदाराने त्यांना बोलावून घेतले आणि कारखान्याची यंत्रे विकत आणायला अमेरिकेला धाडले. ती यंत्रे १८६५ मध्ये शांघायच्या कारखान्यात आली. सरदाराचा विश्वास बसला. आणि १८७१ च्या सुमारास त्यांची मूळची योजना बादशाही मंजुरी घेऊन बाहेर पडली.

योजना अशी. दरसाल तीस, अशी चार वर्षांत एकशेवीस मुले अमेरिकेला पाठवायची. पंधरा वर्षे शिकायचे, सगळा खर्च सरकारचा, आणि परतल्यावर सरकारची चाकरी. मुले दहा ते सोळा वर्षांची. बड्या घरचे कोणी मूल देईना. अमेरिकेत माणसांची कातडी सोलतात अशा कंड्या होत्या. बहुतेक मुले दक्षिणेकडची, युंग यांच्याच मुलखातली निघाली. बापाने कागदावर सही करायची, की पंधरा वर्षांत मूल आजारी पडले, मेले, तरी सरकार जबाबदार नाही. सही बापाची, आईला कोण विचारतो!

एकशेवीसांत मुलगी एकही नव्हती. युंग यांची पहिली शाळा मुलींची होती, शेतात बहिणीने ढकलले, कॉलेजला बायकांनी पैसा पुरवला, तरी यादी करताना मुलगी त्यांच्याही ध्यानात आली नाही. बादशहाने ते मान्य केले नसते, हे खरे. पण मला हे लिहिल्यावाचून राहवत नाही. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत होती. पुढे भावाला तालुक्याला ठेवले आणि मी चुलीशी राहिले. कोणी वाईट हेतूने केले नाही, कोणाच्या ध्यानातच आले नाही.

पहिली तुकडी १८७२ च्या उन्हाळ्यात निघाली. मुलांच्या अंगात लांब रेशमी झगे, पाठीवर वेणी. अमेरिकेतल्या लोकांना त्या मुलीच वाटल्या. कचेरी हार्टफर्ड गावी होती, पण मुलांना वसतिगृहात न ठेवता दोन-दोन, तीन-तीन करून त्या भागातल्या घरोघरी ठेवले. हे फार शहाणपणाचे झाले. ली यान फू नावाच्या मुलाने पुढे लिहून ठेवले आहे, की यजमानीणबाईंनी स्टेशनवर त्याला जवळ घेऊन मुका घेतला तेव्हा बाकीची मुले हसू लागली आणि तो शरमून गेला. तान्हेपणानंतर कोणी त्याचा मुका घेतलेला नव्हता. या बायकांनी परक्यांची मुले आजारपणात उशाशी बसून वाढवली. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या तेव्हा कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीसारखे सांभाळले, तसेच हे.

मुले भराभर शिकली. वेणी टोपीखाली खोचून बेसबॉल खेळू लागली. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांचे शाळेतले काम मांडले होते, आणि राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्यांची भेट घेतली. त्याच वर्षी येलने युंगना मानाची पदवी दिली. त्यांनीही आपली चिनी पुस्तके पुढे येलला देऊन टाकली. १८७५ साली त्यांनी मेरी केलॉग या अमेरिकन मुलीशी लग्न केले होते. दोन मुलगे झाले.

मध्येच १८७४ साली ते पेरू देशाला जाऊन आले. तिथे हजारो चिनी मजूर करार करून फसवून नेले जात. युंगनी त्यांच्या पाठीवरच्या चाबकाच्या वळांचे फोटो काढून आणले, आणि मग पेरूच्या वकिलाला नाही म्हणता आले नाही. आपल्या कोकणातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेलेल्या माणसांचे असे फोटो कोणी काढले असतील का?

आता दुःखाचा भाग. मुलांवर देखरेख करायला जे चिनी अधिकारी येत त्यांना मुलांची धाव, हसणे, वर मान करून बोलणे खटके. शेवटी वू त्झेडंग म्हणून जे आले त्यांनी पेकिंगला कागद धाडले, की मुले चिनी राहिलीच नाहीत, गुरुजनांपुढे गुडघे टेकत नाहीत, ख्रिस्ती देवळात जातात. त्यात खोटे किती? मला वाटते, पुष्कळसे खरेही होते. जी आई मिशा काढायला लावते तिलाच त्या अधिकाऱ्याची भीती थोडीफार कळेल. पण आई मुलाला जवळ बसवून मिशा काढवते, अधिकारी त्याची शाळाच बंद करतो. अमेरिकेचेही चुकलेच. लष्करी आणि आरमारी शाळांत चिनी मुलांना घ्यायचे त्यांनी नाकारले, आणि तिकडे पश्चिम किनाऱ्यावर चिनी लोकांविरुद्ध दंगे चालले होते. येलचे अध्यक्ष पोर्टर, प्रसिद्ध लेखक मार्क ट्वेन, ग्रँटसाहेब, साऱ्यांनी रदबदली केली. उपयोग झाला नाही. १८८१ साली सगळ्यांना परत या असा हुकूम सुटला. तोपर्यंत येलची पदवी हातात पडली होती फक्त दोघांच्या.

जवळजवळ शंभर मुले तीन तुकड्यांनी परत गेली. शांघायच्या धक्क्यावर त्यांना घ्यायला घरचे कोणी येऊ दिले नाही. पहारा ठेवून एका जुन्या, ओल आलेल्या इमारतीत कोंडले, कैद्यांसारखे. मग हलकी हलकी कामे वाटून दिली. काही मुले १८८४ साली फ्रेंचांशी झालेल्या आरमारी लढाईत मेली. हार्टफर्डच्या बायकांना ही मुले वर्षानुवर्षे पत्रे लिहीत राहिली.

युंगना दुसरा घाव घरात बसला. सरकारी कामासाठी चीनला गेलेले ते १८८३ साली परत आले तो पत्नी काळजीने खंगलेली. त्यांच्या जिवाचे बरेवाईट होईल याच धास्तीने तिने हाय खाल्ली होती. १८८६ साली ती गेली. मुलगे अजून लहानच. सासूबाईंनी हात दिला. दोघेही मुलगे पुढे येलमध्येच शिकले.

१८९८ साली पेकिंगमध्ये सुधारणेची चळवळ झाली. सत्तर वर्षांचे युंग त्यात होते, त्यांच्या घरी मंडळी जमत. राजवाड्यात पारडे फिरले, सुधारकांची डोकी उडाली, हे कसेबसे निसटले. आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या सरकारने कळवले, की १८५२ साली तुम्हाला दिलेले नागरिकत्व आता आम्ही मानत नाही, कारण तुम्ही चिनी आहात. म्हणजे इकडे मुंडके शाबूत राहायची खात्री नाही आणि तिकडे दार बंद! तरी १९०२ साली धाकट्याच्या पदवीदानाला ते अमेरिकेत येऊन पोचले, आणि नंतर हार्टफर्डलाच राहिले.

आणि ती मुले? त्यांतल्या चान तिएनयू यांनी, म्हणजे येलच्या त्या दोघांपैकी एकाने, पेकिंगहून कालगानला जाणारी डोंगरातली रेल्वे १९०५ ते १९०९ या काळात परक्या इंजिनिअरांवाचून बांधली. दुसरा एक अमेरिकेत चीनचा वकील झाला. त्याने अमेरिकेकडून जादा वसूल केलेला दंडाचा पैसा परत मिळवण्यासाठी खटपट केली, आणि त्या पैशातून मुलांना पुन्हा अमेरिकेला शिकायला धाडणे सुरू झाले. त्यासाठी १९११ साली निघालेली त्सिंगहुआ शाळा आज चीनमधले नावाजलेले विद्यापीठ आहे, आणि तिचा पहिला अध्यक्षही या एकशेवीसांपैकीच होता.

युंग विंग २१ एप्रिल १९१२ रोजी हार्टफर्डला वारले. त्यांना तिथेच पुरले. चीनमध्ये बादशाही संपून नुकतेच प्रजेचे राज्य आले होते. त्या दिवशी पेकिंगमध्ये त्या राज्याचे पहिले पंतप्रधान होते तांग शाओई, १८७४ च्या तिसऱ्या तुकडीतला मुलगा.

— मंडळाची एक सभासद